दुखणं नाही, आकडा आहे

२ फेब्रुवारी

डॉक्टर कृष्णमूर्तींनी सांगितलं आहे, रोज काय खाल्लं आणि दुखलं का, ते लिहून ठेवायचं. म्हणून ही वही. मुलगा, तनय, पुण्याला नोकरीला गेल्यापासून त्याच्या कपाटात पडून होती.

सकाळी दोन इडल्या, चटणीशिवाय. दुपारी भात, मुगाचं वरण, तूप नाही. दुखणं: नाही.

मागच्या रविवारी यशवंतपूरला थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. होळिगे, म्हणजे इकडच्या पुरणपोळ्या, दोन जास्त झाल्या. के. आर. पुरमला घरी पोचेपर्यंत पोट इतकं दुखायला लागलं की सरळ बसता येईना. सौम्याने थेट हॉस्पिटलात नेलं. रक्त घेतलं. ड्युटीवरची डॉक्टरीण म्हणाली, लायपेज चारशेच्या वर आहे, साठपर्यंत चालतं. स्वादुपिंडाला सूज असणार. मग दोन दिवस सलाईन, तोंडाने पाणीसुद्धा नाही. दुखणं दुसऱ्या सकाळीच गेलं आणि पुन्हा आलं नाही.

आकडा मात्र गेला नाही. घरी सोडताना पुन्हा तपासला, तेवढाच.

अक्का भेटायला आली होती. सदुसष्ट वर्षांची आहे, पण दोन बस बदलून आली. जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्यामुळे सौम्याला खुर्चीत बसवून समजावलं. लायपेज म्हणजे तेल-तूप पचवणारा रस. स्वादुपिंडात तयार होतो, आतड्यात जातो. रक्तात त्याचं फारसं काम नाही. रक्तात वाढला म्हणजे आत कुठेतरी काहीतरी बिघडलंय. "आणि बिघडलंय ते शोधल्याशिवाय गप्प बसायचं नाही," असं म्हणून माझ्याकडे पाहिलं.

९ फेब्रुवारी

तांदळाची पेज, भाकरी, दोडक्याची भाजी. दुखणं: नाही.

आज कृष्णमूर्तींनी सौम्याला बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, दारू किती घेता. म्हटलं, घेत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढली, पार्टीत लिंबूसोडा घेतो म्हणून लोक हसतात. ते हसले नाहीत. "विचारावं लागतं. सगळ्यात जास्त आढळणारी दोन कारणं, दारू आणि पित्ताशयातले खडे."

खडे सोनोग्राफीत नाहीत. रक्तातली चरबी ठीक. कॅल्शियम ठीक. मूत्रपिंडही तपासलं, कारण ते बिघडलं तरी लायपेज वाढतं म्हणे; तेही ठीक. राहिली औषधं. साखरेची नवी गोळी गेल्या वर्षी सुरू केली होती, तिच्यानेही कधी कधी वाढतं. ती बंद केली, जुनी दिली. तीन आठवडे थांबू, म्हणाले.

घरी येताना ऑटोत सौम्या हळूच म्हणाली, "अहो, ऑफिसच्या त्या म्हैसूरच्या सहलीत काही घेतलं असेल तर सांगा. मी रागावणार नाही."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने असं पहिल्यांदा विचारलं. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं असं आता वाटतं, कारण रात्रीचं जेवण दोघांनी मुकाट्याने केलं.

२४ फेब्रुवारी

नाचणीची अंबील, दोन चपात्या. दुखणं: नाही. वजन थोडं कमी झालंय, पण तूप-तेल बंद असेल तर होणारच. की दुसऱ्या कशाने?

अक्काला धीर निघेना म्हणून मुदतीआधीच रक्त दिलं. पाचशे अकरा. गोळी बंद करूनही वाढलं. कृष्णमूर्ती म्हणाले, एमआरआय करू, पण घाबरू नका, तुम्हाला त्रास काही नाही ना. हाच तर मला त्रास आहे. दुखलं असतं तर दुखण्याशी झगडलो असतो. इथे सकाळी उठतो, दात घासतो, गाडी काढतो, आणि आत काहीतरी चाललेलं असतं.

अक्का फोनवर चिडली. "थांबू, बघू, हेच ऐकायचं आहे का? अप्पांच्या वेळी असंच थांबलो होतो."

अप्पांचं कधी लिहिलं नाही, आज लिहितो. आमच्या वडिलांचं, नरसिंहरावांचं, २००१ साली हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी रक्त तपासलं तेव्हा स्वादुपिंडाचा असाच एक आकडा वाढलेला निघाला. स्कॅनमध्ये तिथला भाग जाड दिसला. अप्पा म्हणायचे, मला काही होत नाही, मला रोज दोन वेळा भूक लागते. आई म्हणायची, राहू दे. मी गोंधळलेला. अक्का एकटीच ठाम होती. डॉक्टर उघडा म्हणतायत तर उघडायचं. तिने सर्वांना समजावलं, अप्पांनाही. ऑपरेशननंतर अप्पा घरी आले नाहीत. आतले टाके गळले, ताप चढला, महिनाभर अतिदक्षता विभागात राहून गेले.

अक्का आजही म्हणते, उशीर झाला, सहा महिने आधी उघडलं असतं तर वाचले असते. म्हणून तिला माझी इतकी घाई. आईमागे तिनेच आम्हा सगळ्यांचं पाहिलं, आता ती मला गमवायला तयार नाही.

५ मार्च

काय खाल्लं आठवत नाही. दुखणं: नाही.

एमआरआयमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटीकडे एक धूसर डाग आहे. रिपोर्टात लिहिलंय, खात्रीने सांगता येत नाही.

अक्का आणि सौम्या मला मारतहळ्ळीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जनकडे घेऊन गेल्या. तरुण, शांत, मुद्द्याचं बोलणारा माणूस. तो म्हणाला, वाढलेला आकडा, उतरलेलं वजन, डाग आणि वडिलांचा इतिहास, हे एकत्र पाहिलं तर शेपटीचा भाग काढून टाकणं शहाणपणाचं. या अवयवातला कर्करोग दुखायला लागेपर्यंत बराच पुढे गेलेला असतो. थांबण्यात धोका आहे.

कर्करोग हा शब्द पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने उच्चारला. सौम्याने माझ्या शर्टाची बाही धरली होती, ती घट्ट झाली.

"ऑपरेशनमध्ये धोका?" मी विचारलं.

"आहे. कमी आहे, पण आहे."

सौम्या म्हणाली, "करून टाका, डॉक्टर." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. अक्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरोबर केलंस. मी असते तर हेच केलं असतं."

अठरा तारीख मिळाली. तनयला कळवलं. तो सोळाला येतो म्हणाला. फोनवर आवाज लहान मुलासारखा झाला होता.

८ मार्च

उपमा, ताक. दुखणं: नाही.

एमआरआयची चित्रं मारतहळ्ळीला द्यायची होती, म्हणून ती परत घ्यायला कृष्णमूर्तींकडे एकटाच गेलो. खरं तर निरोप घ्यायला गेलो होतो. ते रागावतील असं वाटलं, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"वडिलांचं म्हणालात ना, ऑपरेशन झालं. त्यांच्या पोटात काय मिळालं?"

"ऑपरेशननंतर ते गेले."

"ते कळलं. मी विचारतोय, जो भाग काढला त्यात गाठ मिळाली का?"

मला ठाऊक नव्हतं. चोवीस वर्षांत मी हे विचारलंच नव्हतं. सगळं अक्काने पाहिलं होतं.

"त्यांना दुखत होतं?"

"नाही."

"आणि तुम्हाला, लग्नाच्या त्या दुखण्यानंतर पुन्हा?"

"नाही."

त्यांनी माझे सगळे रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले. मग म्हणाले, "मला दहा-बारा दिवस द्या. सर्जनशी मी बोलतो, तारीख थोडी पुढे न्या. इतक्याने काही बिघडणार नाही, ही माझी जबाबदारी. तुम्ही आठवडाभर रोज सकाळी रक्त द्या. दुर्बीण घालून आतून सोनोग्राफी करू, त्यात हा डाग नीट दिसेल. आणि बहिणीला घेऊन या. त्यांचंही लायपेज बघायचं आहे."

घरात रोग चालत आलाय का ते बघायचं असणार. अक्काला हे कसं सांगू. तिला एवढंच म्हटलं की रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं रक्त लागतंय.

"माझ्या रक्ताने तुझं काम होणार असेल तर बाटलीभर घे म्हणावं," ती म्हणाली. तारीख पुढे ढकलली याचा राग मात्र तिने लपवला नाही.

१५ मार्च

भात, सारू. दुखणं: नाही.

माझे आकडे विचित्र आहेत. सोमवारी चारशे साठ, बुधवारी एकशे दहा, गुरुवारी चक्क अठ्ठावन्न. गुरुवारी मी आणि सौम्या देवळात जाऊन आलो. शुक्रवारी पुन्हा तीनशे नव्वद. कुणीतरी आपल्याशी खेळतंय असं वाटतं.

पण आज ते महत्त्वाचं नाही. अक्काचं लायपेज तीनशे ऐंशी आलं.

प्रयोगशाळेतल्या मुलीने मोबाईलवर रिपोर्ट पाठवला तेव्हा मी स्टोअरच्या दारात उभा होतो. आत जाऊन बसलो. म्हणजे दोघांना. अप्पांचं रक्त दोघांत आहे आणि अप्पांचं मरणही. मी तिला यात का ओढलं? तिला काही माहीत नसतं तर सुखाने राहिली असती.

सौम्या म्हणाली, तुम्हीच सांगा, दुसऱ्याकडून कळायला नको. संध्याकाळी फोन केला.

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाली. "मग दोघांचं एकदमच करून घेऊ. पलंग शेजारी शेजारी मागू."

ती घाबरली असेल तर कळू दिलं नाही. मी फोन ठेवून न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडून रडलो.

२० मार्च

आज मोठ्याने लिहिता आलं असतं तर तसं लिहिलं असतं.

सकाळी दुर्बिणीची तपासणी झाली. गुंगीचं औषध दिलं होतं, काही कळलं नाही. दुपारी कृष्णमूर्तींनी मला, सौम्याला आणि अक्काला आत बोलावलं. तनय बाहेर सामान घेऊन बसला होता.

डाग नाही. स्वादुपिंडात चरबीची एक घडी होती, एमआरआयमध्ये ती धूसर दिसली. बाकी सगळं स्वच्छ.

"मग आकडा?" सौम्याने विचारलं.

त्यांनी सांगितलं ते जमेल तसं लिहितो. काही माणसांचं स्वादुपिंड ठणठणीत असतं, पण त्यातला रस थोडा जास्त प्रमाणात रक्तात झिरपतो. जन्मभर. आज जास्त, उद्या कमी, एखाद्या दिवशी अगदी नेमका. त्याने काही बिघडत नाही, दुखत नाही, उपचार लागत नाहीत. आणि पुष्कळदा हे घराण्यात असतं, म्हणून त्यांना अक्काचं रक्त हवं होतं. लग्नाच्या दिवशी माझं पोट बहुधा नुसतं होळिग्यांनी दुखलं. योगायोगाने रक्त घेतलं आणि जन्मापासूनचा आकडा पहिल्यांदा दिसला.

"शंभर टक्के आजच म्हणणार नाही," ते म्हणाले. "वर्ष-दोन वर्षं दोघांवर लक्ष ठेवू. अक्कांचाही एकदा स्कॅन करू. पण ऑपरेशनची काही गरज मला दिसत नाही."

सौम्या तिथेच रडायला लागली. मी काय केलं आठवत नाही. टेबलाचा काठ धरला होता बहुतेक.

अक्काने फक्त एक गोष्ट विचारली. "हा प्रकार डॉक्टरांना कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यांदा लिहिलं गेलं नव्वदीच्या दशकात."

"२००१ साली इथे माहीत होतं?"

कृष्णमूर्तींनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "फार थोड्यांना. मलाही नव्हतं, मॅडम."

कुठेही जा, मास्तरीण ती मास्तरीणच. आनंदाच्या वेळीसुद्धा इसवी सन लागतो.

टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. म्हटलं, अक्का, बरं वाटत नाही का? म्हणाली, सकाळपासून उपाशी आहे. वाटेत दर्शिनीत थांबून उभ्याउभ्या इडली खाऊ म्हटलं तर नको म्हणाली. मी मात्र घरी येऊन तुपातला डोसा खाल्ला.

२३ मार्च

बिसिबेळे भात, वर तूप. पापड. दुखणं: नाही, आणि आता विचारणारंही कुणी नाही. वही बंद करायला हरकत नाही, पण सवय लागली आहे.

सर्जनना फोन करून सांगितलं. ते मोकळेपणाने म्हणाले, छान झालं, घराण्याची तपासणी माझ्या डोक्यात आली नाही. चांगला माणूस आहे.

तनय पुण्याला परत गेला. अक्का फोन उचलत नाही. स्कॅनची तारीख घ्यायची आहे. तिच्या शेजारी राहणाऱ्या मालनबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, घरातच आहेत, स्वल्प थकल्यासारख्या वाटतात. वयच झालं तिचं. त्यात आठवडाभर कर्करोगाची टांगती भीती. मीच आणली ती तिच्यावर.

३० मार्च, युगादी

अक्का आली नाही.

आईच्या मागे एकही युगादी तिच्याशिवाय झाली नाही. कडुलिंब आणि गूळ तीच वाटते, आधी मला, मग इतरांना. आज सौम्याने वाटलं. मी म्हटलं, अक्काचं असं काय चाललंय, माझा जीव वाचला आणि ही रुसून बसली.

सौम्याने वाटी खाली ठेवली. "अहो, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"तुमचा आकडा, अक्कांचा आकडा, घराण्यातून आलेला. मग अप्पांचा?"

ती हलक्या आवाजात म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं. डॉक्टरांना त्याच्याही आधी कळलं होतं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम बोलत नाही आहात."

अप्पांना काही झालं नव्हतं. ते सांगत होते तेच खरं होतं. मला काही होत नाही, मला दोन वेळा भूक लागते.

ताटावरून उठलो. आता काही लिहवत नाही.

३१ मार्च

सकाळी कामावर न जाता यशवंतपूरला गेलो. मेट्रोत बसल्याबसल्या ठरवलं होतं, सांगायचं की अप्पांना दुखायचं. तुला सांगू नको म्हणाले होते, असं सांगायचं. आई गेली, अप्पा गेले, त्या घरात तेव्हा राहणारे मी आणि सौम्याच उरलोय. ती मला खोटं ठरवणार नाही.

अक्काने दार उघडलं. साडी नीट नेसलेली, केस विंचरलेले. घरात स्वयंपाकाचा वास नव्हता.

मी बसायच्या आत तिने विचारलं, "रघू, अप्पांना दुखायचं का रे?"

तयार केलेलं वाक्य तोंडात होतं. तिच्या डोळ्यांकडे बघून ते बाहेर येईना.

"नाही, अक्का."

ती मान हलवत राहिली. "मी पण विचारलं होतं. दोनदा. नाही म्हणाले. मला वाटलं, ऑपरेशनला घाबरून खोटं बोलतायत." मग म्हणाली, "काढलेल्या भागात काही मिळालं नव्हतं. सर्जन म्हणाले, सूज असेल. मी तेवढंच धरून बसले. उशीर झाला म्हणत राहिले. नाहीतर काय म्हणायचं होतं?"

"डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. कृष्णमूर्तींनाही नव्हतं. तुला कुठून असणार?"

"ते बरोबर आहे."

"आणि या महिन्यात सौम्याने तेच केलं. डाग बघितला, हो म्हणाली. तू तिला दोष देशील?"

"नाही."

"मग?"

खाली रस्त्यावर भाजीवाला कन्नडमध्ये ओरडत गेला. मग अक्का शांतपणे म्हणाली, "सौम्या वेगळी. तू जिवंत समोर बसलायस. तिला कुणी काही विचारणार नाही."

मी उठून तिच्या शेजारी बसलो. लहानपणी ताप आला की ती माझ्या शेजारी बसायची तसा. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं नाही, रडलीही नाही. हात मात्र माझ्या हातात राहू दिला.

सौम्याला फोन करून सांगितलं की आज इथेच राहतो. मग भात लावला. वरण मला नीट जमलं नाही. अक्का जेवली, थोडंसं.

१ एप्रिल

सकाळी उठलो तर अक्काची अंघोळ झाली होती आणि ती गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. मला म्हणाली, "तनयचं रक्त तपासलं का?"

"नाही अजून. घाई काय आहे?"

"घाई आहे. त्याच्यातही असेल. पुण्यात एकटा राहतो. उद्या पोटात दुखलं, कुणी रक्त घेतलं, आकडा बघून घाबरलं, तर त्याने काय सांगायचं? त्याला माहीत असायला हवं. पुढे त्याच्या मुलांनाही."

"संध्याकाळी सांगतो त्याला."

"तू नको," ती म्हणाली. "तू अर्धं सांगशील. आकड्याचं सांगशील, अप्पांचं सांगणार नाहीस. लाव फोन. मी सांगते."

मी म्हटलं, अक्का, आज नको, त्याला कधीतरी सावकाश सांगू. तिने हात पुढे केला तो मागे घेतला नाही. मी फोन लावून दिला.

तनयने आधी तब्येत विचारली असावी, कारण ती म्हणाली, "मी बरी आहे. तू ऑफिसात आहेस का? मग बाहेर ये, दहा मिनिटं लागतील." मग थांबली. फोन तिने दोन्ही हातांनी धरला.

"तुझ्या आजोबांना काही आजार नव्हता, तनय," ती म्हणाली. "असावा असं मला वाटलं. आता मी पहिल्यापासून सांगते, मधे बोलू नकोस."

मी आत आलो आणि दार ओढून घेतलं. काचेतून तिची पाठ दिसत होती. शब्द नीट ऐकू येत नव्हते, पण आवाज येत होता, न अडखळता, एकेक वाक्य पुरं करत.